न्हाणीमागची केळ

आमच्या न्हाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातून
पोफळीच्या पन्हळीत उतरतं,
आधी केळीला, मग अळवाला,
उरलंच तर कुंपणाशी उभ्या जास्वंदीला.
पन्हळ दादांनी घातली, मी सून म्हणून येण्याच्या आधी.
त्यामुळे घरात कोण कधी न्हालं
हे केळीला माझ्याहून जास्त माहीत.

दादा पहाटे. दोन तांबे अंगावर, एक तुळशीसाठी राखून.
मग आमचे हे, वेंगुर्ला बंदरातल्या बर्फाच्या फॅक्टरीतून रात्रपाळी करून आलेले,
कोपरापर्यंत बांगड्याचा वास.
मग केदारची कावळ्याची आंघोळ,
मगाचा आवाज मोठा, अंग कोरडं.
मी शेवटी. कडी नीट लागत नाही म्हणून
एक पाय दाराला टेकवून.

आणि रविवारी शमिकाचे केस.
शिकेकाई, चार बादल्या, बाहेर आम्ही रांगेत.
मी ओरडायची, विहीर काय तुझ्या बापाने खणली गो?
आतून उत्तर यायचं, बापाच्या आजोबांनी!
सोमवारी केळीची एक सुरळी उलगडलेली असायची.

दिवाळी झाली आणि ती मिरजेला गेली, नर्सिंगला.
थंडीत कोणाला काही जाणवलं नाही.
मग शिमग्याची सोंगं दारावरून नाचून गेली,
सुरंगी फुलली, मधमाश्यांच्या आधी
माणसं अंधारात झाडावर चढून कळ्या काढू लागली,
काजूच्या बोंडांवर चिलटं,
कलमांवर फवारणीचा वास आठवडाभर,
फणसाच्या खोडाला मुठीएवढ्या कुयऱ्या.
सगळं ज्याच्या त्याच्या वेळेवर.
केळीची सुरळी मात्र तशीच,
कोणी न उघडलेल्या छत्रीसारखी.

दादा म्हणाले, "केळीक पानी कमी पडता."
कोणी काही बोललं नाही.
विहिरीची पाचवी पायरी उघडी पडली होती,
चैत्रात आम्ही पाणी तुपासारखं वाढतो.

मी माझ्या वाटणीची अर्धी बादली
गुपचूप ओतायला लागले.
तिसऱ्या दिवशी बघते तर आळं आधीच ओलं.
चौथ्या दिवशी चिखल.
हे म्हणाले, मी नाही.
लुंगीला गुडघ्यापर्यंत माती.
दादांना तर ऐकूच आलं नाही,
नको असेल ते त्यांना ऐकू येत नाही.
केदारने विचारलं, केळ बुडून मरते का?

मेली नाही. एक आखूड पान टाकलं, शेवटचं,
आणि त्याच्यामागून केळफूल,
जांभळं, मान खाली घालून.

फोनवर दाखवलं तिला. म्हणाली, कापू नका, मी येते.
तिच्या मागे हॉस्टेलचा नळ वाहत होता.
ते पाणी कुठे जातं गो, मी विचारलं.
गटारात, आई. कुठे जाणार?

काल दुपारी आली. ऊन डोक्यावर,
पिशवी ओटीवर टाकली आणि थेट न्हाणीत.
केस कापून आली आहे, मानेपर्यंत.
मी काही बोलले नाही. हेही नाहीत.

दादा कुदळ घेऊन पन्हळीशी उभे.
पाणी आलं, तापलेल्या मातीवर चुर्र झालं.
शिकेकाई नव्हे, कसलातरी गुलाबी फेस.
त्यांनी वाकून बोटावर घेतला, हुंगला,
धोतराला पुसला,
आणि बांध फोडून पाणी वळवलं.
"केळीक पुरे झाला. आता अळवाक."

मी चुलीशी कुळथाची पिठी ढवळत होते.
दुसरी बादली.
तिसरी.
गुठळी होईल म्हणून हात थांबवता येत नाही.
आई, टॉवेल, ती ओरडली.
केदार, दे रे तिला.
एवढ्याशा केसांना किती ते पाणी.
चौथी झाली, की पाचवी,
मी मोजत नव्हते.